लाटांच्या बेटाचा जमाखर्च

सुट्टीचा बेत करताना मराठी घरात आधी तारखा ठरतात, मग पैसे, आणि जागा सर्वांत शेवटी. मुलांच्या परीक्षा, पुतण्याची मुंज, गणपती आणि ऑफिसची रजा या सगळ्यांतून जे सात-आठ दिवस शिल्लक उरतात, त्यांत मावेल ती जागा. एके काळी ती सिंगापूर-बँकॉक असे, पुढे दुबई आली, मग 'बारा दिवसांत आठ देश' असा धावता युरोप आला. अलीकडे या आठ दिवसांच्या चौकटीत सर्वांत सहज बसणारे नाव म्हणजे बाली. आजीला देवळे आहेत, आईवडिलांना हिरवी भातखाचरे आहेत, आणि मुलांना लाटा. सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्याचा खेळ, हे आता घरातल्या सोळा वर्षांच्या मुलामुलींचे स्वप्न झाले आहे. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकचा खेळही झाला आणि तेथे इंडोनेशियाच्या वतीने उतरलेला रिओ वाइदा याच बेटावरचा.

हा केवळ घराघरांतला बेत राहिलेला नाही, हे आकडे पाहिले की कळते. २०२४ साली बालीत त्रेसष्ट लाखांच्या वर परदेशी पर्यटक उतरले. पहिला क्रमांक ऑस्ट्रेलियनांचा. ते शेजारी आहेत आणि पन्नास वर्षे येत आहेत. दुसरा क्रमांक आपला, भारतीयांचा, पाच लाखांच्या वर. देशातलेच इतर बेटांवरून येणारे पर्यटक आणखी एक कोटीच्या घरात. आणि बेट केवढे? सुमारे ५,७८० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दीडपटीहून किंचित मोठे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या त्रेचाळीस लाख. घरात चार माणसे आणि वर्षाकाठी पाहुणे पंधरा, असा हा संसार आहे. पाहुण्यांत आपली संख्या दुसरी असेल, तर त्या घराचे काय चालले आहे, याची चौकशी करणे आपल्याला भाग आहे.

बालीला जाण्याचे जे कारण सर्वांत आधी सांगितले जाते ते म्हणजे स्वस्ताई. बँकेत हयात गेलेल्या माणसाला 'स्वस्त' हा शब्द ऐकला की उरलेला खर्च कोणाच्या नावे पडला, हे पाहण्याची खोड असते. म्हणून आधी चलनाकडे पाहू.

एका रुपयाला सध्या साधारण १८० ते १९० इंडोनेशियन रुपिया मिळतात. विमानतळावर पाऊल ठेवताच माणूस लक्षाधीश होतो आणि चार दिवसांत कोट्यधीशाच्या थाटात वावरू लागतो. सर्वांत मोठी नोट एक लाखाची. गणपतीचे चित्र असलेल्या वीस हजारांच्या नोटेचा फोटो अजून आपल्याकडे मोबाइलवर फिरत असतो. ती नोट १९९८ च्या मालिकेतली होती आणि केव्हाच चलनातून गेली. पण तिचे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९७ च्या मध्यावर एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत आणि आपले सुमारे छत्तीस रुपये. म्हणजे एका रुपयाला सदुसष्टच्या आसपास रुपिया. थायलंडमधून सुरू झालेले आर्थिक वादळ जकार्ताला पोचले आणि १९९८ मध्ये डॉलर पंधरा हजारांच्या पुढे गेला. त्या वर्षी इंडोनेशियात महागाई पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक वाढली. नाणेनिधीचे प्रमुख हाताची घडी घालून उभे आहेत आणि सुहार्तो वाकून करारावर सही करीत आहेत, हे छायाचित्र जगभर छापले गेले. मे महिन्यात बत्तीस वर्षांची ती राजवट संपली. त्यानंतर डॉलरच्या हिशेबात रुपिया पुन्हा कधी उभा राहिला नाही. आपला रुपयाही घसरला, पण त्याच्याइतका नाही. आज बालीच्या हॉटेलात बसून 'इतक्या कमी पैशांत एवढे?' असे जे उद्गार निघतात, त्यांच्या तळाशी ही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीची पडझड आहे.

दुसरे कारण मजुरीचे. २०२५ साली बाली प्रांतातले किमान मासिक वेतन तीस लाख रुपियांच्या जवळपास होते. आपल्या पैशांत सुमारे सोळा हजार. फळीवर उभे राहायला शिकवणारा पोरगा दोन तासांचे चार लाख रुपिया सांगतो तेव्हा आपण घासाघीस करतो. तो दर बेटावरच्या किमान वेतनाच्या चार दिवसांच्या मजुरीएवढा आहे, हे खरे. पण त्यातून फळीचे भाडे, किनाऱ्यावरच्या टपरीवाल्याचा वाटा आणि पावसाळ्यातले रिकामे दिवस वजा करायचे असतात. २०२१ साली तर साऱ्या वर्षात बालीत थेट उतरलेल्या परदेशी पर्यटकांची नोंद शंभराच्याही आत होती. त्या वर्षी हॉटेलातली पोरे गावी परतून भातशेतीला आणि समुद्रशेवाळाच्या लागवडीला लागली. शेत शिल्लक होते म्हणून परतता आले, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता इतिहास थोडा. बालीचा माणूस परंपरेने समुद्राकडे पाठ करून राहणारा. डोंगर पवित्र, तिकडे देवांचे वास्तव्य; समुद्र ही अस्थी विसर्जनाची, शुद्धीची आणि काहीशी भीतीची जागा. १९३० च्या दशकात बॉब कोक या अमेरिकन गृहस्थाने कुटा येथे हॉटेल काढले आणि हवाईत शिकलेला लाटांचा खेळ तेथे आणला. महायुद्धात ते हॉटेल गेले आणि खेळही विसरला गेला. १९६९ साली आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. पाठोपाठ १९७१ मध्ये फ्रेंच सल्लागारांनी जागतिक बँकेच्या साहाय्याने आराखडा केला. त्याचा गाभा असा, की पर्यटकांना दक्षिण टोकाच्या नुसा दुआ येथील कोरड्या, नापीक जमिनीवरच्या मोठ्या हॉटेलांत ठेवायचे; तेथून त्यांना देवळे दाखवून परत आणायचे. गावे अबाधित राहतील, पैसा येईल. कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात ज्याने दिवस काढले आहेत त्याला अशा आराखड्याचा नीटनेटकेपणा ओळखीचा वाटेल.

घडले निराळेच. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातून फळ्या घेऊन तरुण मुले येऊ लागली. १९७२ साली 'मॉर्निंग ऑफ द अर्थ' या ऑस्ट्रेलियन चित्रपटात उलुवातूच्या कड्याखालची लाट जगाला दिसली आणि ओघ वाढला. या मुलांपाशी नुसा दुआचे पैसे नव्हते. ती कुट्यातल्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरी उतरली. अंगणात दोन खोल्या काढून 'लोस्मेन' नावाची निवासस्थाने उभी राहिली, घरातली बाई केळ्याची धिरडी आणि कॉफी देऊ लागली. आराखड्यात ज्यांना जागाच नव्हती अशा या कफल्लक पाहुण्यांचा पैसा थेट घरात पडला. मालवण-तारकर्लीला न्याहारी-निवासाच्या घरगुती सोयीत जे झाले, त्याचेच हे थोरले भावंड. नुसा दुआच्या पैशाला मात्र भांडवलाच्या मागे जकार्ताला आणि परदेशात जाण्याची वाट होती.

तो काळ आता सरला. कुटा भरले, मग सेमिन्याक भरले, मग चांगू. अंगणातल्या दोन खोल्यांऐवजी भाताच्या खाचरात खासगी पोहण्याच्या तलावासह व्हिला उभे राहिले. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्याने परदेशी माणसाला तेथे जमीन मालकी हक्काने घेता येत नाही. मग पंचवीस-तीस वर्षांचे भाडेपट्टे, किंवा कागदावर स्थानिक माणसाचे नाव आणि मागे परदेशी पैसा. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोकणात सातबाऱ्यावरची नावे कशी बदलली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातली तऱ्हा समजावून सांगायला नको. भाडेपट्ट्याची रक्कम एकदम हाती येते. मुलाचे लग्न, नवी मोटार, घराची डागडुजी यांत ती जाते, आणि शेतकरी स्वतःच्याच खाचरावरच्या व्हिलात माळी होतो.

या खाचरांचा विषय जरा सविस्तर घ्यावा लागेल, कारण बालीत भात म्हणजे नुसते पीक नव्हे. डोंगरातल्या सरोवरांतून निघालेले पाणी बोगदे, पाट आणि बांध यांतून समुद्रापर्यंत उतरत जाते आणि त्याची वाटणी शेतकऱ्यांच्या मंडळ्या करतात. या व्यवस्थेचे नाव सुबाक. आपल्या 'सुबक'शी तिचे काही नाते आहे की नाही कोण जाणे, पण शब्द शोभतो खरा. प्रत्येक फाट्यावर देऊळ, देवळात बैठक, बैठकीत ठरणारे पाण्याचे दिवस. वरच्या शेतकऱ्याने आणि खालच्या शेतकऱ्याने एकाच वेळी शेत पडीक ठेवायचे, म्हणजे किडीला खायला काही उरत नाही. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या उत्साहात सरकारने सांगितले, की नवे बियाणे घ्या आणि वर्षभर सतत पेरत राहा. देवळाचे वेळापत्रक मोडले, आणि कीड माजली. स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकन अभ्यासकाने पुढे संगणकावर मांडून दाखवले, की देवळातल्या पुजाऱ्यांचे गणित तज्ज्ञांच्या गणितापेक्षा सरस होते. २०१२ साली युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारशात घेतले. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धत होती. बंधाऱ्याचे पाणी, फडांची पाळी, वाटप करणारा पाटकरी, सारे लोकांनी लोकांसाठी चालवलेले. तिचे पुढे काय झाले हे खानदेशातल्या वाचकांना ठाऊक आहे.

सुबाकच्या पाण्याला आता नवा गिऱ्हाईक भेटला आहे. दक्षिणेतली हॉटेले आणि व्हिला खोल विंधणविहिरी घेतात. किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारे पाणी शिरते. पाटाच्या मध्यावर एक भिंत उठली, की तिच्या खालच्या दहा शेतकऱ्यांचे पाणी अडते. मग तेही जमीन भाडेपट्ट्याने देऊन मोकळे होतात. खाचरे पावसाचे पाणी धरून ठेवत, त्यांच्या जागी काँक्रीट आले. २०२५ च्या १० सप्टेंबरला अतिवृष्टी झाली, देनपसार शहरात नद्या रस्त्यांत शिरल्या, आणि डझनाहून अधिक माणसे मेली. राज्यपाल वायन कोस्तेर यांनी त्यानंतर शेतजमिनीवर हॉटेले आणि उपाहारगृहे यांना नवे परवाने देऊ नयेत, असे जाहीर केले. पूर आला त्याला पाऊस कारण होताच; पण पाणी मुरायला जागा ठेवली नव्हती, हे त्यांच्या निर्णयानेच कबूल केले.

त्याच वर्षी जुलैत आणखी एक गोष्ट घडली. उलुवातूजवळ बिंगिन नावाचा, सर्फिंग करणाऱ्यांचा लाडका किनारा आहे. कड्याच्या पोटाला चिकटून तेथे खाणावळी, लहान निवास आणि फळ्या भाड्याने देणारी दुकाने उभी होती. सरकारी जमिनीवर, हरितपट्ट्यात, विनापरवाना म्हणून अशी ४८ बांधकामे पाडायला सरकारने सुरुवात केली. कायदा सरकारच्या बाजूने होता. चालवणारे म्हणत होते, की आम्ही दशकानुदशके येथे आहोत, इतकी वर्षे कोणी हटकले नाही. दोन्ही खरे. पण याच बुकित द्वीपकल्पावर चुनखडीचे डोंगर कापून मोठमोठे प्रकल्प उभे राहत आहेत आणि त्यांचे कागद नेटके आहेत. ज्याचे कागद नेटके तो कायदेशीर, हे कारकुनाला पुरे असेल. मला पुरे वाटत नाही. कड्याला कोणाचे ओझे अधिक झाले, हा प्रश्न कागदात येत नाही. बेनोआच्या उपसागरात भराव टाकण्याच्या योजनेला २०१३ पासून बालीच्या लोकांनी सातत्याने विरोध केला आणि २०१९ मध्ये तो उपसागर संरक्षित ठरला, तेव्हा कागद बदलू शकतात हेही तेथे दिसले आहे.

या पार्श्वभूमीवर २०२४ च्या १४ फेब्रुवारीपासून बालीने परदेशी पाहुण्यांवर दीड लाख रुपियांची पट्टी बसवली. आपले सुमारे आठशे रुपये. संस्कृती आणि पर्यावरण जपण्यासाठी. पहिल्या वर्षात साधारण तिसरा हिस्सा पाहुण्यांनीच ती भरली. विमानतळावर कोणी अडवत नाही, हे कळल्यावर बाकीच्यांनी सोडून दिली. आपल्याकडे यात्रेला गेलेली माणसे यात्राकर बिनतक्रार देत आली आहेत. व्हिसाचे पाच लाख रुपिया मात्र टळत नाहीत. तीस दिवसांचा तो परवाना उतरल्यावर किंवा आधी इंटरनेटवरून मिळतो, आणि पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक लागते. पट्टीही इंटरनेटवरून भरता येते. चार माणसांचे बत्तीसशे रुपये घरच्या अंदाजपत्रकात आधीच धरावेत.

आणि अंदाजपत्रकाचाच विषय निघाला आहे तर आणखी काही. टूर कंपनीकडून पॅकेज घेतल्यास सरकार उगमापाशी काही टक्के कर गोळा करते. तो खर्च नव्हे. पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. दर अलीकडे वारंवार बदलले आहेत, तेव्हा पैसे भरताना त्या दिवशीचा विचारावा. निवृत्त आजोबांच्या खात्यातून सगळ्यांचे पैसे भरले, तर परतावा मागायला आजोबांनाच विवरणपत्र भरावे लागेल, एवढे ध्यानात असावे. डॉलर न्यायचे तर कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्याव्यात. कुट्यातले चलनबदलू घडी पडलेली नोट नाकारतात. भाव भलताच चांगला लावणाऱ्या दुकानात नोटा आपल्या हाताने शेवटी मोजाव्यात, आणि मोजल्यावर परत त्याच्या हाती देऊ नयेत. कार्डाच्या यंत्राने 'रुपयांत आकारू का?' असे विचारले तर नाही म्हणावे. त्या सौजन्याचे पैसे पडतात.

आता लाटा. बालीच्या दक्षिण किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळांत जन्मतात. एप्रिल ते ऑक्टोबर हा तेथला कोरडा हंगाम. आग्नेयेचा वारा पश्चिम किनाऱ्यावर जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, लाटेला घोटून सरळ उभी करतो. जून-जुलैत त्या सर्वांत मोठ्या. नोव्हेंबर ते मार्च पाऊस. वारा उलटतो, आणि तेव्हा सानुर, नुसा दुआ ही पूर्वेची बाजू बरी. म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीत पाऊस दाराशी असतो आणि नाताळात घरात. शिवाय डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेचे वारे कुट्याच्या वाळूवर प्लॅस्टिकचे ढीग आणून टाकतात. फोटोतला किनारा शोधत आलेली कुटुंबे त्या ढिगांपाशी थबकतात. बालीने २०१९ पासून एकदा वापरून फेकायच्या पिशव्यांवर बंदी घातली, २०२५ मध्ये एक लिटरहून लहान पाण्याच्या बाटल्यांवरही घोषित केली. तेव्हा घरून स्टीलची बाटली न्यावी.

आपली बहुतेक मुले तलावात पोहायला शिकलेली असतात, तीही शिकली असतील तर. कुटा-लेगियनचा तळ वाळूचा आहे, शिकाऊ माणसाची तीच जागा. पण तेथेही आत ओढणारे प्रवाह आहेत. लाल बावटा असेल तेथे पाण्यात पाऊल टाकू नये, मग शिकवणारा काहीही म्हणो. उलुवातू आणि बिंगिनला तळाशी धारदार प्रवाळ आहे आणि पाणी उथळ. तेथे नवख्याने कड्यावर बसून पाहावे. विम्याच्या कागदात 'साहसी खेळ' वगळले आहेत का, हे बारीक अक्षरांतले वाक्य वाचावे. स्कूटरचेही तसेच. दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि शिरस्त्राण नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते आणि इस्पितळ पैसे आधी मागते. फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेने २०२४ च्या नोव्हेंबरात आणि २०२५ च्या जून-जुलैत बालीची विमाने रद्द झाली. म्हणून परतीच्या दिवसाला लागून कोणाचे लग्न ठेवू नये.

राहण्याबाबत माझे मत आहे ते सांगतो. आठ दिवसांत चार हॉटेले बदलण्यापेक्षा एक-दोन ठिकाणी राहावे, आणि त्यांतले एक तरी कुटुंबाने चालवलेले असावे. सानुरला, उबुदला, उत्तरेकडे अमेदला अशी घरे अजून आहेत. अंगणात घरचे देऊळ असते, सकाळी नारळाच्या पानाच्या द्रोणात फुले ठेवली जातात, आणि भाडे ज्या हातात पडते तो हात समोर दिसतो. खाचराच्या मधोमध एकट्या व्हिलाचे चित्र कितीही देखणे असले, तरी त्याच्या खाली पाट कोणाचा होता, हे विचारावे.

मार्चमधली तिकिटे स्वस्त दिसली, तर घेण्यापूर्वी पंचांग उघडावे. बालीत शालिवाहन शकाचेच नववर्ष पाळतात. न्येपी हे त्या दिवसाचे नाव. २०२३ साली २२ मार्चला आणि २०२६ साली १९ मार्चला ते आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी; २०२४ मध्ये मात्र अधिक मासाच्या फरकामुळे महिनाभर आधी आले. आदल्या संध्याकाळी कागदी राक्षसांच्या मिरवणुका निघतात आणि पहाटे सहापासून चोवीस तास बेट गप्प होते. दिवा नाही, चूल नाही, रस्त्यावर माणूस नाही. मोबाइलचे इंटरनेट बंद, विमानतळ बंद. पर्यटकांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही आणि पडदे ओढून ठेवावे लागतात. समुद्रावर त्या दिवशी एकही फळी नसते. ज्यांना हे चालेल त्यांनी आदल्या दोन दिवसांत पोचावे. ज्यांना नको असेल त्यांनी पुढच्या आठवड्याची तिकिटे घ्यावीत.